पाटकऱ्याचा नकाशा

याकोब भिंगारदिव्याने आयुष्यात पहिल्यांदा संगणकाचा पडदा नीट निरखून पाहिला तो उजवा पाय प्लास्टरमध्ये असताना, आणि पाहिल्याबरोबर त्यात चूक काढली.

"दये, ही नदी खोटी हाय."

दया त्याची लेक. संगमनेरच्या एका कॉलेजात ती संगणक शिकवते. त्या वेळी ती आत कणीक मळत होती. "पप्पा, तो खेळ आहे, लढाईचा. नदी नुसती दिसायला आहे."

"दिसायला का हुईना. उतार डोंगराच्या पल्याड, आन् पानी अल्याडला चढतंय. असं पानी म्या तरी बघितलं न्हाई."

आता पाण्याबद्दल याकोब 'बघितलं न्हाई' म्हणाला, तर ते साक्षीला धरावं असं होतं. मुळेच्या उजव्या कालव्यावर, सोनईच्या अंगाच्या एका चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, त्याने एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली होती. कालव्याचं पाणी चारीत घ्यायचं आणि चारीवरच्या शेतकऱ्यांना मोरीमोरीच्या दारातून पाळीपाळीने वाटून द्यायचं, हे पाटकऱ्याचं काम. पगार बेताचा, सायकल स्वतःची आणि शिव्या दोन्ही अंगांनी. वरचे म्हणत, पाणी लवकर तोडलं. खालचे म्हणत, पाणी आलंच नाही. चारीच्या साडेसात किलोमीटरांत जमीन कुठे बोटभर चढते आणि कुठे वीतभर उतरते, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते याकोबाच्या पिंढऱ्यांत होतं. कोरड्या चारीतून अनवाणी चालत गेला तर डोळे मिटून सांगेल, आता बाराव्या मोरीपाशी आलो.

निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. पाय मोडला तो चारीवर नाही. नाताळची चांदणी टांगताना शिडीवरून घसरला. डॉक्टर संगमनेरचे, म्हणून मुक्काम लेकीकडे. तीन महिने एका खुर्चीत. एस्तेर, त्याची बायको, सोबतीला होती, पण नवऱ्याचं गाऱ्हाणं ऐकून ऐकून तिसऱ्याच दिवशी तिने लेकीला सांगितलं, "ह्यांच्या पुढ्यात कायतरी ठेव बाई, न्हाईतर मी गावाला जाती." म्हणून दयाने आपला जुना लॅपटॉप ठेवला, आणि त्यावर हा खेळ.

खेळ साधा होता. मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, त्यांत कुठे गवत, कुठे डोंगर, कुठे पाणी. दोन राजे, दोन किल्ले. आधी एकाने आपली सगळी माणसं हलवायची, मग दुसऱ्याने. मधल्या वस्त्या जो जास्त धरेल त्याच्या सैन्याला शिधा जास्त. याकोबाला लढाईत काडीची गोडी वाटली नाही. माणसं मरू देत, तो जमीन बघत बसला.

"मग सांग त्या लोकांना," तो म्हणाला. "नदी दुरुस्त करा म्हनावं."

"तुम्हीच करा की. हा खेळ कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक फावल्या वेळात मिळून करतात. आतलं सगळं उघडं असतं. कुणालाही बदल सुचवता येतो."

"अर्ज कुनाच्या नावानं करायचा?"

"अर्ज नाही करायचा."

"सही कुनाची लागती?"

"कुणाची नाही, पप्पा."

याकोबाला हे पटेना. मोरीच्या दाराची एक गंजलेली साखळी बदलून घ्यायला त्याने नोकरीत अकरा अर्ज केले होते. मग हळूच विचारलं, "शिपाई तरी असंल?"

"कसला शिपाई?"

"न्हाई, आत सोडायला."

एस्तेर पदर तोंडावर घेऊन हसली. पण दुसऱ्या दिवशी दयाने त्याला नकाशे करायचं दालन उघडून दिलं, आणि हा चौसष्ट वर्षांचा माणूस पुन्हा शाळेत बसला.

त्याचं बसणं बघण्यासारखं होतं. फावड्याच्या दांड्याने घट्टे पडलेल्या हातात तो उंदराएवढा माऊस. घरावर बाण न्यावा तर शेजारच्याच घरात जायचा, गवताच्या जागी डोंगर उगवायचा. पहिला आठवडा त्याने नुसते डोंगर खोडण्यात घालवला. पण त्याच्याकडे पाटकऱ्याची चिकाटी होती. दोनशे पानी वही मागवली, रेघा मारल्या आणि डाव्या बाजूला कळ, उजव्या बाजूला तिचं काम असं मांडून ठेवलं. ह्या खेळात गवताला एक अक्षर, उथळ पाण्याला एक, खोल पाण्याला एक, मुरमाड टेकाडाला एक. संपूर्ण नकाशा म्हणजे ओळीने लिहिलेली अक्षरं. हे कळलं तेव्हा तो खुशीत आला. "हे तर आपलं रजिस्टर हाय," म्हणाला. तिथून पुढे बोट अडखळलं नाही. इंग्रजी सूचना दया संध्याकाळी वाचून सांगे, तो मराठीत लिहून घेई आणि मध्येच शिकवणाऱ्यालाच शिकवी, "न्हाई, असं नसंल. खोल पान्याशेजारी एकदम गवत कसं येईल? मधी दलदल पायजे."

पंधराव्या दिवशी त्याने ती चुकीची नदी सरळ केली. दयाने ती पाठवून दिली, खाली दोन ओळींत कारण लिहून. चार दिवसांनी उत्तर आलं. नकाशे तपासायचं काम पोलंडमधल्या एका बाईकडे होतं. ती कोण, काय करते, कधी कळलं नाही.

"काय म्हनती?"

"म्हणते, 'नदी आता बरोबर वाहते. आभार.'"

"परत वाच."

दयाने परत वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. एकतीस वर्षं त्याने पाणी वाहतं ठेवलं होतं, पण त्याबद्दल लेखी आभार हे पहिलेच. त्या दुपारी तो दोन भाकरी जास्त जेवला.

आणि मग त्याने मनातलं सांगितलं. गावाकडे चारी बुजवून बंद नळ टाकायचं ठरलं होतं. याकोब त्याच्या विरोधात नव्हता. पाणी वाचेल, कडेचं मुरणार नाही, हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. पण एकदा माती लोटली की ते चढउतार गेले. "दये, आपली चारी ह्या खेळात घालायची," तो म्हणाला. "त्येंनी पास केली तर ऱ्हाईल. न्हाईतर म्या मेलो का गेली."

खेळाची नवी आवृत्ती ऑगस्टात यायची होती. तिच्यासाठी नकाशे जूनअखेरपर्यंत मान्य व्हायला हवे होते. म्हणजे हातात पाच महिने.

पहिला नकाशा त्याने जीव ओतून केला, आणि तोच घोटाळा झाला. साडेसात किलोमीटर, चौदा मोऱ्या, दोन्ही काठच्या बाभळी, मारुतीचं देऊळ, चर्च, दर्गा, पडका पंप, लंकाबाईची विहीर, सगळं त्यात आलं. काहीच सोडवेना. बाईचं उत्तर आलं: एक डाव संपायला पाच तास लागले; दोन्ही सैन्यांची गाठच पडेना. पाऊण भाग काढून टाका.

याकोब दोन दिवस रुसून बसला. शेवटी एस्तेर म्हणाली, "पयल्या पंगतीला आख्खं गाव बसतं का? तुमाला दयेच्या लग्नात बरं जमलं हुतं, माझ्या मावसभावाला दारात उभं करून."

"ते येगळं हुतं."

"कसं येगळं? मान्साला गाळता येतं आन् बाभळीला न्हाई?"

त्याने वही घेतली आणि गाळायला बसला. एकेक बाभूळ खोडताना तिचं ठिकाण मोठ्याने बोले. चौदा मोऱ्यांच्या पाच झाल्या. चर्च आणि दर्गा एकाच घरात आले. पण उताराचं एकही वळण त्याने सोडलं नाही, आणि हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मार्चमध्ये प्लास्टर निघालं तेव्हा नकाशा आटोपशीर, देखणा झाला होता. वर चारीचं मुख, तिथे हिरवीगार शेतं आणि एक किल्ला. खाली शेपूट, ज्याला पाटावर सगळे 'टेल' म्हणतात, तिथे मुरमाड रान आणि दुसरा किल्ला. बरोबर मधोमध पुलाची वस्ती. याकोब लॅपटॉप बगलेत मारून सोनईला परतला, आणि दयाने संगमनेरहून नकाशा पाठवला.

एप्रिलात उत्तर आलं. दयाने फोनवर वाचून दाखवलं. नकाशा फार सुंदर आहे. पण आम्ही पन्नास डाव खेळून पाहिले. त्यांतले सदतीस वरच्या किल्ल्याने जिंकले. अशी एकतर्फी जमीन खेळात घेता येत नाही. एक सोपा उपाय आहे: वरचा अर्धा भाग आरशासारखा खाली उलटा करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील.

"उलटा करायचा म्हंजे?"

"म्हणजे खालीही हिरवं, खालीही चारीचं मुख."

"दोन मुखांची चारी? आन् पानी जाईल कुठं?"

"पप्पा, तसं केलं तर लगेच घेतील. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग तिलाच करू दे. खाली माझं नाव नको."

त्याने फोन ठेवला. बोलला ठसक्यात, पण आत हलला होता. चारी खेळात जायला हवी तर ती खोटी करायची. खरी ठेवायची तर ती जायची नाही. एप्रिल गेला, मे निम्मा सरला. रोज सकाळी तो लॅपटॉप उघडी, एखादी वस्ती एक घर सरकवी, पुन्हा जागेवर आणून ठेवी. जी जिथे नव्हती तिथे तिला ठेवायला त्याचा हात धजेना.

अशात एका दुपारी आबासाहेबांचा प्रवेश झाला. काही माणसं घरात येत नाहीत, अवतरतात, आबासाहेब त्यांतले. अंगणातूनच खाकरणं, मग काठी, मग फेटा आणि सगळ्यांत शेवटी स्वतः. चारीच्या मुखाशी, एक नंबरच्या मोरीवर त्यांचा मळा. एकतीस वर्षांत याकोबाची ज्यांच्याशी सगळ्यांत जास्त भांडणं झाली ते हेच. एकदा त्यांनी मोरीचं कुलूप फोडलं तेव्हा याकोब दिवसभर उन्हात त्या दारावर बसून राहिला होता. आज घोडेगावच्या बाजारात बैलजोडी विकून परत जाताना ते मुद्दाम वाट वाकडी करून आले होते.

"याकोबा, तू म्हनं चारी पेटीत घातलीस."

"बसा आबा. च्या घ्या."

"च्या घीन. आधी पेटी दाव."

पडद्यावर त्यांनी आपला मळा ओळखला. बोट काचेला लावून म्हणाले, "ह्यो माझा मळा."

"व्हय."

"आन् आंबा?"

"गाळला. जागा नव्हती."

"माझाच बरा गाळला."

"समद्यांचंच गाळलंय, आबा. चर्च आन् दर्गा एका घरात कोंबलेत, तुमच्या आंब्याचं काय घिऊन बसलात."

आबासाहेबांनी खेळ तिथेच शिकून घेतला. वय एकोणसत्तर, पण डाव कशाचाही असो, त्यांना पटकन कळायचा. अर्थात ते वर बसले, आपल्या मळ्यात; याकोब खाली. पहिला डाव आबांनी जिंकला. दुसरा जिंकला. तिसऱ्याला तर पुलाची वस्ती अशी काही झपकन धरली की याकोबाची माणसं मुरमातच अडकली. दुसरा चहा झाला. आबासाहेबांनी समाधानाने फेटा काढून मांडीवर ठेवला.

"एक गोष्ट चांगली केलीस," ते म्हणाले. "चाकरीत हुतास तवा मला कायम शेवटाला टाकायचास. हातापाया पडलो तरी ऐकायचा न्हाईस. हितं बरा पयला नंबर दिलास. उशिरा का हुईना, अक्कल आली."

याकोबाने कप खाली ठेवला.

रजिस्टरात मोऱ्यांचे नंबर मुखापासून पडतात. पहिली आबासाहेबांची, चौदावी शेपटाची. पण पाणी द्यायचं ते उलट. आधी चौदावी, मग तेरावी, असं करत शेवटी पहिली. कारण मुखाजवळच्याने आधी घेतलं की खालच्याला उरत नाही; आणि शेपटाने आधी घेतलं तरी वरच्याचं काही जात नाही, पाणी त्याच्या दारावरूनच जायचं असतं. याच नियमापायी याकोबाने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, दारावर बसून ऊन खाल्लं. आणि नकाशा करताना? खेळाने विचारलं, एक नंबरचा खेळाडू कुठे ठेवायचा. त्याने रजिस्टरच्या सवयीने एक नंबर मुखाशी घातला, दोन नंबर शेपटाला. खेळात एक नंबर आधी चालतो. एकतीस वर्षांत कुणाच्या धाकाने जे केलं नव्हतं, ते त्याने न सांगता, आपल्या हाताने केलं होतं.

"काय झालं रं?" आबासाहेब म्हणाले. "तोंड का उतरलं?"

"आबा, तुमाला पयलं पानी दिलं म्या."

"दिलंस ना. मग?"

"मग काय. चुकलं."

त्याने दालन उघडलं. दोन किल्ल्यांचे आकडे आपसांत बदलले. एक खाली, दोन वर. जमिनीचं एक घर हलवलं नाही, एक वस्ती सरकवली नाही.

आबासाहेब चष्मा वर करून बघत होते. "म्हंजी परत आमी शेवटी?"

"परत शेवटी."

"चाकरी सुटली तरी खोड न्हाई गेली."

"खेळता का जाता?"

ते खेळले. आता शेपटाची माणसं आधी निघाली. मुरमातून चालायला वेळ लागतो, पण पहिली चाल त्यांची. पुलाच्या वस्तीवर दोन्ही सैन्यं एकाच सुमाराला पोचली आणि तिथे खरी झोंबाझोंबी झाली. वरच्याकडे वस्त्या जवळ, खालच्याकडे चाल आधीची. पाऊण तास कुणाची सरशी कळेना. एस्तेरही निवडायचे तांदूळ घेऊन मागे येऊन उभी राहिली. शेवटी आबासाहेब हरले. ते म्हणाले, माऊस नीट चालत नाही.

संध्याकाळी याकोबाने लेकीला फोन केला. दयाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पोरांना हे शिकवते, पप्पा. पहिली चाल कुणाची यानं अर्धा खेळ ठरतो. आणि मलाच दिसलं नाही."

"तुला कसं दिसंल? तुला कुनी शिव्या दिल्यात का पान्यावरून?"

तिने पोलंडच्या बाईला सविस्तर लिहिलं. बदल एकच आहे, चालीचा क्रम. जमिनीला हात लावलेला नाही. हा नियम आमच्याकडे कालव्यांवर पाळायचा असतो, आणि नकाशा करणाऱ्याने तो एकतीस वर्षं पाळला आहे.

नंतर वाट बघणं. जून उजाडला. नव्याने पन्नास डाव खेळायला त्या लोकांनाही सवड हवी. याकोब रोज फोन उचलायचा आणि ठेवायचा. त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आता नाही म्हणाले तर नाही. पण दोन मुखांची चारी करायची नाही. एस्तेरला मात्र दिसत होतं, माणूस जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगत नव्हता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दयाचा फोन आला. पन्नास डाव झाले होते. सव्वीस वरच्या किल्ल्याचे, चोवीस खालच्याचे.

"मग?"

"मग घेतला, पप्पा. ऑगस्टच्या आवृत्तीत चारी आहे. बाई म्हणते, इतकी वर्षं नकाशे तपासते. तराजू सारखा करायला सगळे जमीन बदलतात. जमीन तशीच ठेवून न्याय केलेला हा पहिला बघितला."

याकोब ओसरीच्या खांबाला टेकला. "तिला सांग, त्यो नियम माझा न्हाई. सरकारचा हाय. म्या नुसता पाळला."

"सांगते. आणि नकाशाखाली तुमचं नाव घालायचंय. 'याकोब भिंगारदिवे' इतकंच लिहू?"

"म्होरं पाटकरी लिव्ह."

"निवृत्त पाटकरी?"

"नुसतं पाटकरी."

ऑगस्टात नवी आवृत्ती आली. दयाने सुट्टीला येऊन ती लॅपटॉपवर घातली. यादीत कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी केलेली दऱ्याखोरी, बेटं, बर्फाळ रानं होती, आणि त्यांच्यात चारी. गावात बातमी जायला वेळ लागला नाही. दुपारी अंगणात खाकरणं, काठी, फेटा.

"आज मी खाली बसनार," आबासाहेबांनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं. "लई बघितलं वर बसून. शेपटाला तू काय एवढं सुख ठिवलंयस ते बघू दे."

"बसा की. पन मुरूम हाय, आबा. पायाला टोचंल."

"माझ्या पायाची काळजी तू कर्तोस कवापासून?"

मग दोघं बसले. आबासाहेब शेपटाला, आणि एकतीस वर्षांत जिथे त्याने कधी पहिलं पाणी दिलं नव्हतं त्या चारीच्या मुखाशी, हिरव्या मळ्यात, याकोब. आबांनी पहिली चाल केली. सावकाश, एकेक माणूस मुरमातून काढत, तोंडाने याकोबाला टोमणे आणि आपल्या सैन्याला शिव्या देत त्यांनी पूल गाठला. याकोब वरून पूर्ण ताकदीने खेळला. जरासुद्धा सूट दिली नाही. दया मध्येच म्हणाली, "पप्पा, डावीकडची वस्ती सोडू नका," तर त्याने तिला गप्प बसवलं.

तासाभराने आबासाहेबांची माणसं वरच्या किल्ल्यात शिरली. त्यांच्याच मळ्यातल्या किल्ल्यात.

"हरलास," आबासाहेब म्हणाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "वर बसून हरलास, याकोबा."

"हरलो," याकोब म्हणाला. एस्तेरकडे वळून त्याने चहा टाकायला सांगितला, आबांच्या कपात साखर जास्त घालायला सांगितली, आणि डाव पुन्हा मांडायला घेतला. दयाने वडिलांचा चेहरा इतका आनंदी पूर्वी कधी पाहिला होता, हे तिला काही केल्या आठवेना.